उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुन्हा सोडला तेव्हा : गिरणाकाठच्या एका शाळेतलं गणित

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठी असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेचं हे प्रकरण. गाव ओळखू येऊ नये एवढे तपशील बदलले आहेत. मी त्या काळात तालुक्यातल्या शाळांना शैक्षणिक मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रात गणिताचं काम पाहत होतो, त्यामुळे बऱ्याच गोष्टी जवळून पाहायला मिळाल्या.

शाळा पहिली ते पाचवीची, शिक्षक तीन. पहिली-दुसरी एका मॅडमकडे, तिसरी मुख्याध्यापकांकडे आणि चौथी-पाचवी मिळून 34 मुलं दुसऱ्या मॅडमकडे. हे लिखाण मुख्यतः या 34 मुलांबद्दल आहे.

गाव कापसाचं, विहिरीला पाणी असलेल्यांची थोडी केळी. घराघरांत अहिराणी. गावाबाहेर शेतांवर सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतमजुरांची घरं, त्यातली बरीच सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी कुटुंबं. त्यांच्या घरी पावरी. खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. बाप मालक बदलतो, मूल शाळा बदलतं. जूनमध्ये नवं मूल दाखल झालं की दाखला कधी बरोबर येतो, कधी मागाहून. पण या मुलाला काय वाचता येतं, कुठपर्यंत मोजता येतं, हे सांगणारा कागद त्याच्यासोबत येत नाही. शाळेला दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चाचण्यांची मात्र कमतरता नाही. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) नोंदी आहेतच. 2023-24 पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स प्रकल्पातली नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली : वर्षाच्या सुरुवातीला मागच्या इयत्तेवरची पायाभूत, दिवाळीच्या आगेमागे संकलित 1, एप्रिलमध्ये संकलित 2. शिवाय त्याच वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात मूल मागे पडलं तर पुनर्परीक्षा, आणि तिथेही अडलं तर त्याच वर्गात. 'पाचवीले आता नापास करतंस' ही बातमी गावात शाळेच्या आधी पोहोचली होती.

अडचण

पायाभूत चाचणीत चौथी-पाचवीचं गणित कोसळलं. गुण मोबाइलवरून भरले गेले आणि पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांची टक्केवारी पडद्यावर आली. ही शाळा लाल रंगात. केंद्रप्रमुख तसे समजूतदार, कुणाला उभं करून बोलले नाहीत. पण लाल ओळ सगळ्यांनी पाहिली होती. ठराव झाला : कमी गुणांच्या मुलांची यादी करा, उपचारात्मक अध्यापन सुरू करा.

शाळेने यादी केली. तिच्यात वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं आली. शाळा सुटण्याआधीचा एक तास ठेवला आणि त्यात चाचणीसारखी उदाहरणं फळ्यावर घालून सोडवून घ्यायला सुरुवात केली. महिनाभर हे चाललं. ज्यांना येत होतं ती मुलं फळ्याकडे धावायची. ज्यांना येत नव्हतं ती फळ्यावरचं उत्तर वहीत नीट उतरवून घ्यायची. वह्या सुंदर झाल्या. पहिल्या घटकाची चाचणी घेतली तर निकाल होता तिथेच.

चौथी-पाचवीच्या मॅडमचं मला सांगणं सरळ होतं : "सर, कोण कच्चं आहे ते मला जूनमध्येच माहीत होतं. यादी कशाला पाहिजे?" बरोबर होतं ते. मूल कच्चं आहे एवढंच सांगणाऱ्या माहितीने उद्या सकाळी दहा वाजता वर्गात काय करायचं ते कळत नाही.

पहिला निर्णय : पुन्हा तोच कागद की नवी चाचणी?

मुख्याध्यापकांचं मत नवी, सोपी निदान चाचणी काढावी असं होतं. मॅडमना आणखी एक चाचणी नको होती. पेपर काढा, झेरॉक्स काढा, तपासा. त्यात आठवडा जाणार आणि शेवटी पुन्हा गुणांचा एक रकाना हाती येणार. मी सुचवलं की पायाभूतच्या उत्तरपत्रिका कपाटात आहेतच, आधी त्याच सोडू.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिघे शिक्षक आणि मी कार्यालयात बसलो. एका मोठ्या कागदावर आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यात प्रश्न. बरोबर असेल तिथे टिक, चूक असेल तिथे फुली आणि सोडवायचा प्रयत्नच नसेल तिथे रेघ. फुली आणि रेघ वेगळी ठेवायची, हा आग्रह पहिली-दुसरीच्या मॅडमचा. दोन्हीला गुण शून्यच, मग कशाला, असं मुख्याध्यापक म्हणत होते. पुढचं सगळं त्या रेघांनीच उघडं केलं.

कागद भरत आला तशा तीन गोष्टी दिसायला लागल्या.

भागाकाराचा एक रकाना वरपासून खालपर्यंत फुल्या-रेघांनी भरलेला. हुशार मुलंसुद्धा तिथे अडकलेली. विचारल्यावर कळलं की आदल्या वर्षी तो घटक शेवटी होता आणि शिक्षक निवडणुकीच्या कामात असल्याने राहून गेला. तो शिकवलाच नव्हता. म्हणजे कमी गुणांचा एक हिस्सा मुलांच्या खात्यात चुकून जमा झाला होता. उभा रकाना सगळा काळा असेल तर ते शिकवण्याचं काम आहे. आडवी ओळ काळी असेल तर त्या मुलाजवळ जाऊन बसायचं आहे. त्या दिवसापासून हे शाळेत बोलण्याचा भाग झालं.

दुसरं, शाब्दिक उदाहरणांखाली रेघाच रेघा. आणि त्यातल्या काही मुलांची साधी बेरीज-वजाबाकी, नुसते अंक दिलेली, चक्क बरोबर होती.

तिसरं, हातच्याची वजाबाकी. इथे रेघा जवळजवळ नव्हत्या, फुल्या होत्या. मुलांनी सोडवलं होतं, आत्मविश्वासाने चुकवलं होतं.

उत्तरपत्रिकेच्या आत

403 वजा 157 हे उदाहरण घेऊ. उत्तर 246. चौथीतल्या एका मुलीचं उत्तर 354. पाचवीतल्या एका मुलाचं 256. दोघांनाही शून्य गुण, दोघंही यादीत एकाखाली एक.

मुलीला जवळ बसवून पुन्हा करायला सांगितलं आणि मोठ्याने बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "शून्यमाईन पाच जात नहीत, मंग पाचमाईन शून्य काढं." एककातही तेच : तिनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढले, राहिले चार. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. तिच्या लेखी 403 ही एक संख्या नव्हती, शेजारी शेजारी राहणारे तीन वेगळे अंक होते. गंमत म्हणजे तिलाच विचारलं, शंभराची नोट घेऊन दुकानात गेलीस, 57 रुपयांचं सामान घेतलं, किती परत येतील? तिने बोटं न मोडता 43 सांगितले. दुकानात चालणारं डोकं वहीत येताना दाराबाहेर राहत होतं.

मुलाची गोष्ट निराळी. त्याला दशक सुटा करणं येत होतं. एककासाठी त्याने शतकातून घेतलं, 13 मधून 7 काढून 6 लिहिले. मधल्या शून्याचे दहा केले, पण त्यातला एक दशक आधीच एककाला दिलाय हे विसरला. दहातून पाच, पाच. त्याची चूक नेमकी मधल्या शून्यापाशी होती आणि ती दोन दिवसांत सुटणारी होती. मुलीला मात्र काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधण्यापासून सुरुवात हवी होती. महिनाभर दोघांनाही फळ्यावर तीच उदाहरणं मिळत होती!

वजाबाकीतल्या अशा चुका ठरावीक वळणाच्या असतात, मूल निष्काळजी असतं म्हणून होत नाहीत, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्येच सविस्तर मांडलं होतं. आपल्याकडे तपासताना लाल पेनाने फुली मारली की काम संपतं.

शाब्दिक उदाहरणांच्या रेघांचंही असंच. पावरा कुटुंबातला एक मुलगा सगळी शाब्दिक उदाहरणं सोडून आला होता. मॅडमनी उदाहरण वाचून दाखवलं, त्याने लगेच सोडवलं. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या वाचन तक्त्यावर (अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या) पाहिलं तर तो शब्दांपर्यंत होता. पहिलीच्या पातळीचा परिच्छेदही त्याला सलग जात नव्हता. त्याची अडचण गणिताची नव्हतीच. उलट वर्गात खणखणीत वाचणारी चार-पाच मुलं 'रमाकडे 45 कैऱ्या आहेत, त्या सीमापेक्षा 12 ने जास्त आहेत, तर सीमाकडे किती?' याला 57 लिहीत होती. 'जास्त' दिसलं की बेरीज, 'कमी' किंवा 'उरले' दिसलं की वजाबाकी. ही सवय आपणच लावलेली. शाब्दिक उदाहरणात 'खूणेचा शब्द शोधा' हे वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं जातं.

कोणते पर्याय होते

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर तिघांनी बसून ठरवायचं होतं.

उपचारात्मक तास आहे तसा चालू ठेवणं सोपं होतं, कागदावर दिसतही होतं. तपासणीला कुणी आलं तर नोंदवही तयार. पण महिना डोळ्यांसमोर होता, त्यामुळे यावर फार बोलणं झालं नाही.

सगळ्या वर्गाला स्थानिक किमतीपासून पुन्हा शिकवायचं, असा मुख्याध्यापकांचा कल होता. त्यात कुणाला वेगळं काढावं लागत नाही, पालक काही बोलत नाहीत. मात्र ज्या दहा-बारा मुलांना हे येत होतं त्यांचा पूर्ण महिना फुकट, आणि वाचनाची अडचण असलेल्यांना त्याचा काही उपयोग नाही.

तिसरा पर्याय, तिसरी ते पाचवीची मुलं रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून गरजेप्रमाणे बसवायची. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या कामामुळे ही पद्धत महाराष्ट्रातल्या शिक्षकांना नवी नाही. अडचण होती गावाची. पाचवीतला मुलगा तिसरीतल्या मुलांबरोबर बसला हे संध्याकाळपर्यंत पारावर जातं. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकांनी आधीच विचारलं होतं, "मना पोऱ्याले खाले का बसाडी राह्यनात?" (माझ्या पोराला खाली का बसवताय?)

गट केले गेले, पण पातळीच्या नावाने नाही, कामाच्या नावाने : हातच्याचा गट, वाचायचा गट, गोष्टीच्या गणितांचा गट. पाचवीतला मुलगा हातच्याच्या गटात दोन आठवडे बसतो आणि मग गोष्टीच्या गणितांकडे जातो. त्याला कुणी 'खालचा' म्हणत नाही. भागाकार मॅडमनी सगळ्यांना नेहमीच्या तासालाच नव्याने शिकवला, कारण तो सगळ्यांचाच राहिला होता.

कुठला गट कुणाकडे, यावर मात्र वाद झाला. पहिली-दुसरीच्या मॅडम वाचन शिकवण्यात सगळ्यांत तयार, पण त्या तासाला त्यांच्या लहान मुलांना कोण पाहणार? शेवटी वाचायचा गट मुख्याध्यापकांकडे गेला. हा निर्णय पुढे महागात पडला.

काय केलं

हातच्याच्या गटात गणित पेटी उघडली. ती दोन वर्षं कपाटात होती, हरवू नये म्हणून. काड्यांचे गठ्ठे, खेळातल्या नोटा. नियम एकच : आधी नोटांनी करायचं, मग तेच वहीत लिहायचं, दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. 403 रुपयांतून 157 द्यायचे असतील तर शंभराची नोट मोडावी लागते. दहाच्या दहा नोटा येतात, त्यातली एक पुन्हा सुटी करावी लागते, हातात दहाच्या नऊच उरतात. मधल्या शून्याचे नऊ कसे होतात हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी न पटणारी गोष्ट मुलांनी स्वतः मोडलेल्या नोटेत पाहिली. 354 वाल्या मुलीचं वही आणि नोटांचं उत्तर पहिल्या दिवशी जुळेना, तेव्हा तिने नोटा चुकल्या असं ठरवून त्या पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर वही खोडली.

गोष्टीच्या गणितांत मॅडमनी खूणेचा शब्द शोधणं बंद केलं. उदाहरण वाचल्यावर आकडे झाकायचे आणि आधी फक्त एवढंच सांगायचं : कोनाजोडे जास्ती शेतस (कुणाकडे जास्त आहेत)? उत्तर अहिराणीत चालेल, पावरीत शेजाऱ्याला सांगून मग त्याने सांगितलं तरी चालेल. लिहायचं प्रमाण मराठीत. उदाहरणं गावातली घेतली. आईने 43 किलो कापूस वेचला, तो मावशीपेक्षा 8 किलोने जास्त भरला, तर मावशीचा किती? वेचणीची मजुरी किलोवर मिळते. कुणाची गाठोडी जड भरली हे या मुलांना घरी रोज ऐकायला मिळतं. इथे 51 म्हणणाऱ्या मुलाला बाकीच्यांनीच थांबवलं : मावशीचा जास्त कसा भरेल?

दर शनिवारी पाच उदाहरणांची चिठ्ठी. तिला गुण नाहीत, ती वर कुठे पाठवायची नाही. टिक, फुली, रेघ मोठ्या कागदावर, आणि दर पंधरवड्याला गट बदलायचे. गट एकदा केले की ते दगडी होतात हा माझा नेहमीचा अनुभव. इथे मॅडमनी गटांची यादी मुद्दाम पेन्सिलीने लिहिली होती.

दुसरा निर्णय : गुण हलले नाहीत तेव्हा

संकलित 1 ची टक्केवारी आली आणि पायाभूतपेक्षा जेमतेम वर. शेजारच्या काही शाळांनी मोठी उडी दाखवली होती. (पायाभूतला हात आखडता आणि संकलितला सैल, असं तपासलं की प्रगती आपोआप दिसते, हे केंद्रात सगळ्यांना माहीत असतं. त्यावर शिक्षण परिषदेत कुणी बोलत नाही.) मुख्याध्यापक अस्वस्थ झाले. गट बंद करून सरळ प्रश्नपत्रिकांचा सराव घ्यावा, असं त्यांनी सांगितलं. त्यांचीही बाजू होती. उत्तरं त्यांना द्यावी लागत होती.

मॅडमनी दोन दिवस मागितले आणि पुन्हा गठ्ठा सोडला. दोन्ही चाचण्यांची एकूण बेरीज तोलण्यात अर्थ नव्हता, कारण पेपर वेगळे. संकलित 1 मध्ये पहिल्या सत्राचा नवा अभ्यासक्रम होता आणि शाळा मागचं भरून काढत होती. त्यांनी दोन्ही पेपरांतले सारख्या जातीचे प्रश्न तेवढे शेजारी मांडले. हातच्याच्या वजाबाकीत फुल्या निम्म्याहून कमी झाल्या होत्या. शाब्दिक उदाहरणांत रेघा घटल्या होत्या, फुल्या मात्र वाढल्या होत्या. म्हणजे मुलं आता प्रश्नाला हात घालत होती आणि चुकत होती. टक्केवारीत हा बदल शून्य दिसतो. वाचायच्या गटातल्या मुलांच्या ओळी जवळजवळ तशाच होत्या.

शिवाय हजेरीचा पट शेजारी ठेवला तेव्हा कळलं की वेचणी सुरू झाल्यापासून काही मुलं आठवड्यातले दोन-तीन दिवसच येत होती. लहान भावंडाला सांभाळायला घरी, नाहीतर शेतात. ज्यांची हजेरी पडली त्यांचीच प्रगती अडली होती.

हा कागद पाहून मुख्याध्यापकांनी गट चालू ठेवायला संमती दिली. आणि वाचायचा गट का हलला नाही, याचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं : त्या तासाला कधी ऑनलाइन माहिती भरायची असते, कधी पोषण आहाराचा हिशोब, कधी तालुक्याला बैठक. गट बहुतेक दिवस स्वतःच्या भरवशावर बसत होता. त्यानंतर अदलाबदल झाली. पहिली-दुसरीच्या मॅडम वाचायचा गट घेऊ लागल्या आणि त्यांची लहान मुलं त्या तासाला चौथी-पाचवीच्या मॅडमच्या वर्गात एका कोपऱ्यात बसू लागली. गैरसोय झाली, पण गटाला रोज शिक्षक मिळाला.

निष्पत्ती

एप्रिलपर्यंत हातच्याचा गट जवळपास विरघळला. शाब्दिक उदाहरणांत स्पष्ट सुधारणा झाली, पण दोन पायऱ्यांची उदाहरणं पाचवीतल्या अनेकांना अजून जड जातात. वाचायच्या गटातली बहुतेक मुलं परिच्छेद वाचू लागली, गोष्टीपर्यंत थोडीच पोहोचली. पाचवीतल्या एका मुलाला पुनर्परीक्षा द्यावी लागली. तोही वाचायच्या गटातला. शाळा पडद्यावर लालमधून बाहेर आली, पहिल्या रांगेत काही आली नाही.

आखाजीला दोन सालदार कुटुंबं गाव सोडून गेली. मॅडमनी दोन्ही मुलांच्या आईबापांजवळ अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली : काय येतं, कुठे अडतं, काय सुरू होतं. एका मुलाच्या नव्या शाळेतून गुरुजींचा फोन आला. दुसरीकडून काही कळलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

गठ्ठा चाचणी तपासतानाच, जुलैमध्ये सोडायला हवा होता. तपासणारे हात तेच होते. गुण मांडताना टिक-फुली-रेघ मांडायला फार तर एक दुपार जास्त लागली असती आणि फळ्यावरचा तो महिना वाचला असता.

सगळ्यांत गरजू गट सगळ्यांत जास्त वेळा वर्गाबाहेर बोलावल्या जाणाऱ्या माणसाकडे देणं, ही या प्रकरणातली मोठी चूक. छोट्या शाळेत मुख्याध्यापकांचा तास हा कागदावरचाच तास असतो, हे तिघांनाही माहीत होतं. तरी गट वाटताना कुणी बोललं नाही, कारण साहेबांना ते कोण सांगणार?

ज्या मुलांना सगळं येत होतं त्यांच्याकडे कमी लक्ष गेलं. त्यांना बऱ्याचदा 'तू याला शिकव' एवढंच काम मिळालं. चौथीतल्या एका मुलाच्या ओळीत सप्टेंबरपासून सगळ्या टिक होत्या, आणि त्याच्यासाठी वर्षभरात वेगळं असं काही ठरलं नाही. कागदावर फुली नाही म्हणून तो कुणाला दिसला नाही.

हजेरी पहिल्या दिवसापासून गुणांच्या शेजारी हवी होती. वेचणीचा हंगाम दरवर्षी येतो. त्या दोन महिन्यांत नवं काही सुरू न करता आधीचं पक्कं करायचं, असं नियोजन जूनमध्येच करता येतं. या वर्षी त्यांनी तसं केलं आहे. वाचायचा गट जूनपासूनच पहिली-दुसरीच्या मॅडमकडे आहे, आणि नवीन दाखल मुलाला पहिल्या आठवड्यात वाचन तक्ता आणि पाच तोंडी उदाहरणं दिली जातात. त्या तासाला पहिली-दुसरी कुणी सांभाळायची, याचा तिढा मात्र तिसऱ्या वर्गखोलीचं छत गळायला लागल्यापासून जास्तच वाढला आहे.